सातव्या कलमातले दुसरे वाक्य

सुजाता,

तुला तारखा कधी लक्षात राहिल्या नाहीत, वार मात्र राहत. म्हणून इथे वार देतो. तारखा गिर्यारोहण मंडळाला पाठवलेल्या पत्रांत आहेत.

रविवार. तुम्ही आठ जण हिमाचलातल्या शेवटच्या गावातून वर निघालात. निघण्याआधी तू मला फोन केलास.

गुरुवार, सकाळी सहा. उजाडल्यावर, चहा आणि पोहे झाल्यावर, तुम्ही वरच्या तळावरून निघालात. साडेनऊला शिखरावर पोहोचलात. साडेदहाच्या सुमारास, पूर्वेकडच्या नाळेतून, म्हणजे उभ्या घळीतून, उतरत असताना, वरून दगड आले.

शनिवार, सकाळी. आपल्या दाराची घंटा वाजली. दारात मंडळाचे दोघे होते आणि दोघांनीही चपला बाहेर काढलेल्या होत्या. ते पाहूनच तुझी आई खाली बसली.

आता जबाबदार व्यक्ती. पहिले, मोहिमेचे नेते श्री. नंदकुमार परब, ज्यांनी उतरण्यासाठी ती नाळ निवडली. दुसरे, गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष, ज्यांनी तुझ्या मृत्यूला लेखी उत्तरात 'अनपेक्षित नैसर्गिक घटना' असे नाव दिले. तिसरा, तुझा बाप, न्यायालयातला निवृत्त शिरस्तेदार, राहणार मुलुंड पश्चिम. त्याचा अपराध योग्य ठिकाणी नमूद केला आहे.

मंडळ तुझ्यावर स्मरणिका काढते आहे, येत्या शुक्रवारी सभागृहात वाटण्यासाठी. त्यांनी माझ्याकडे दोन पाने मागितली आणि सोबत विनंती केली, "काका, फक्त आठवणी लिहा, वाद नको." मी होकार दिला. या आठवणीच आहेत. त्यांतून वाद निघत असेल, तर तो आठवणींतच होता. त्यांनी हे छापले नाही, तर मी स्वखर्चाने छापून मंडळाच्या सभागृहाच्या दारात उभा राहून वाटेन. मी किती वेळ उभा राहू शकतो, हे तुला ठाऊक आहे.

तू माझ्या फाइली कापल्यास त्या रविवारपासून सुरू करतो.

मी बाजारातून आलो तर जेवणाच्या टेबलावर माझ्या पत्रव्यवहाराच्या फाइलींचे पुठ्ठे पसरलेले, आतले कागद खुर्चीवर रचलेले, आणि तू कात्री घेऊन बसलेली. मी ओरडलो. चाळीस वर्षांची शिस्त तू अर्ध्या तासात भंगारात काढलीस, असे काहीसे बोललो. तू मान वर न करता म्हणालीस, "पप्पा, कागद सगळे नीट आहेत. पुठ्ठे लागतात मला. डोंगर बनवतेय."

"शाळेसाठी? तुझ्या भूगोलाच्या तासाला?"

"नववीला दाखवणार, मग मोहिमेला. एका पुठ्ठ्यात दोन डोंगर."

सर्वेक्षणाच्या नकाशावरची प्रत्येक समोच्च रेषा तू एकेका पुठ्ठ्यावर उतरवलीस, कापलीस आणि थरावर थर चिकटवलास. संध्याकाळपर्यंत टेबलावर एक शिखर उभे राहिले. मी तोपर्यंत रुसलेलो होतो, तरी जवळ आलो. उत्तरेकडच्या हिमनदीवर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: 'पदपथ दुरुस्ती, स्मरणपत्र सहावे.'

"बघा," तू म्हणालीस, "तुमचं पत्र कुठे पोचलं."

"महापालिकेपेक्षा वर पोचलं."

"आणि ही हिमनदी वर्षाला थोडी तरी पुढे सरकते, पप्पा. वॉर्ड ऑफिस नाही सरकत."

तुझी आई स्वयंपाकघरातून हसली. ते हसू मी त्यानंतर या घरात ऐकलेले नाही.

ज्या डोंगरावर मी कधी पाऊल ठेवले नाही, तो आता मला आपल्या गल्लीपेक्षा जास्त पाठ आहे. नकाशावर त्याला नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे. तीन हिमनद्यांनी तीन बाजूंनी त्याला हजारो वर्षे पोखरले. त्यांनी कोरलेल्या खोलगट भागांना हिमगव्हर म्हणतात. दोन हिमगव्हरांच्या पाठी एकमेकींना भिडतात तिथे मध्ये धारदार कणा उरतो, तो शुककूट. असे तीन कणे जिथे एकत्र येतात, ते टोक म्हणजे गिरिशृंग. हे शब्द तूच मला शिकवलेस. माझ्या तोंडी ते न्यायालयातल्या शब्दांसारखे जड वाटत, आणि तू म्हणायचीस, "पप्पा, जरा प्रेमाने बोला, तो आरोपी नाहीये."

दक्षिणेचा कणा अरुंद, वाऱ्याचा, वेळखाऊ. पण त्याच्यावर वरून काही पडू शकत नाही, कारण त्याच्या वर आकाशाखेरीज काही नाही. पूर्वेच्या बाजूला मात्र शिखरापासून खालच्या बर्फापर्यंत एक सरळ, रुंद नाळ उतरते. पुठ्ठ्यावरही ती नजरेत भरते. कोणालाही वाटेल, हीच तर वाट.

तू कण्यावर लाल दोरा चिकटवलास, वर जाण्यासाठी आणि उतरण्यासाठीही. नाळेवर काहीच चिकटवले नाहीस. मी विचारले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला गॅलरीत नेलेस.

सकाळचे सात वाजले असतील. आपल्या इमारतीच्या मागचे, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर समोर होते. "बघा, ऊन आधी कुठे पडलं?" माथ्यावर पडले होते, आणि पूर्वेच्या उतारावरून हळूहळू खाली सरकत होते. "तिथेही असंच. रात्री फटींतलं पाणी गोठतं, फुगतं, दगड सुटा करतं. पण बर्फच त्याला धरून ठेवतं. सकाळी ऊन पडलं की बर्फ हात सोडतं. मग वरचे सगळे दगड एकाच रस्त्याने खाली येतात. कुठल्या?"

"नाळेतून," मी म्हणालो.

"पास," तू म्हणालीस. "नववीची मुलं पण एवढ्या लवकर उत्तर देत नाहीत."

अध्यक्ष महोदय, हे शब्द मी मुद्दाम इथे ठेवतो आहे. एका निवृत्त कारकुनाला, हातात चहाचा कप असताना, दोन मिनिटांत जे कळले, ते 'अनपेक्षित' कसे?

आता मुलुंडला रोज सकाळी त्या डोंगरांवर ऊन येते. माथा उजळला की मी घड्याळ पाहतो. ऊन अर्ध्यावर आले की पुन्हा पाहतो. आई म्हणते, पडदा लावा. मी लावत नाही. पडदा लावला म्हणून तिकडचे ऊन थांबत नाही.

नंदू परब तुझ्या जलदान विधीनंतर आठवड्याने घरी आले. एकटेच आले. तू त्यांना नंदूदादा म्हणायचीस. पंचवीस वर्षे सह्याद्री तुडवलेला माणूस, कणकवलीचा. तू पहिल्यांदा दोर धरलास तो त्यांच्याकडून. मी त्यांच्यासाठी लेखी प्रश्न तयार ठेवले होते, अनुक्रमांक घालून. त्यांनी पाण्याच्या ग्लासलाही हात लावला नाही. पहिला प्रश्न मी वाचायच्या आत ते म्हणाले, "काका, माका वाटला, नाळ म्हणजे वाट."

मग त्यांनी सांगितले, आणि मी प्रश्नांचा कागद उलटा ठेवला.

सह्याद्रीत घाटमाथ्यावरून उतरायचे तर नाळ शोधतात. जुन्या पायवाटा नाळेतूनच जातात. तिथे सावली असते, धरायला दगड असतात, आणि धारेवर माणसाचा पाय घसरतो. त्यांच्या पायांना हेच ठाऊक. सकाळी चहा-पोहे करून, उजेडात, सगळ्यांची हजेरी घेऊन निघायचे, ही मंडळाची पहिल्या दिवसापासूनची प्रथा. हिमालयात लोक अंधारातच का निघतात, हे त्यांनी ऐकले होते, पण अंधारात नवख्यांना चालवणे त्यांना जास्त धोक्याचे वाटले. "सगळा आमच्या हकडचाच, काका," ते म्हणाले. "डोंगर तेवढो हकडचो नव्हतो."

मी विचारले, "सुजाता काही बोलली?"

त्यांनी दाराकडे पाहिले. आई दारात उभी होती. तीच म्हणाली, "बोला ना. आता काय जाणारंय?"

"बोलली," ते म्हणाले. "शिखरावरच बोलली. 'नंदूदादा, नाळ नको, ऊन चढलंय, कण्यावरून जाऊ.' सगळे दमलेले. वारा होता. मी हसलो. म्हटलं, बाई, तुझं पुठ्ठ्याचं मॉडेल घरी ठेवून आलीस ना? सगळे हसले. तीपण हसली थोडी. मग एकदा परत बोलली. मी म्हटलं, निर्णय माझा. तेव्हा ती म्हणाली, 'बरं. निर्णय तुमचा. फॉर्मवर तसंच लिहिलंय.' आणि सगळ्यांत शेवटी राहिली. 'तुम्ही व्हा पुढे, मी बघते मागचं.'"

'फॉर्मवर तसंच लिहिलंय.' इथे माझा अपराध नमूद करतो.

मोहिमेच्या दोन महिने आधी तू हमीपत्राचा नमुना घरी आणलास, साक्षीदाराच्या सहीसाठी. मी तो वाचला. कलम सात म्हणत होते, 'सर्व सदस्यांनी मिळूनमिसळून, समजुतीने वागावे व नेत्याला सहकार्य करावे.' एवढेच. अशा कलमाने काय बांधले जाते? मी तुला म्हणालो, उद्या काही झाले तर आठ जण आठ बाजूंना बोट दाखवतील आणि जबाबदार कोणीच नसेल. तू म्हणालीस, "होणार काय आहे?" मी लेखणी काढली.

मी लिहिले: 'मार्गाबाबत नेत्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील, सदस्यास त्यास हरकत घेता येणार नाही. अशा प्रत्येक निर्णयाची व त्याच्या परिणामांची जबाबदारी नेता व मंडळ यांची राहील.'

दोन वाक्ये. अधिकार एकाच्या हाती द्यायचा, म्हणजे जबाबदारीही त्याच हाती राहील. मला तुझी भीती वाटत होती, सुजाता, आणि भीती वाटली की मी मसुदा करतो. दुसरे काही मला येत नाही.

तू वाचलेस आणि भुवया उंचावल्यास. "मला हरकत घ्यायलाही बंदी?"

"कड्यावर उभे राहून चर्चा करायची नसते."

"आणि नेता चुकला तर?"

"तर दुसरे वाक्य आहे."

"पप्पा, दुसरं वाक्य खाली आल्यावर कामाला येतं. मला वर असताना काहीतरी लागेल ना?"

मी म्हणालो, तुला कायदा कळत नाही. तू म्हणालीस, तुम्हाला डोंगर कळत नाही. आई म्हणाली, जेवण निवतंय. वाद तिथेच राहिला. तो आजही त्याच टेबलावर आहे, तुझ्या शिखराशेजारी. तुझी बाजू बरोबर होती, हे मी तुला कधी सांगितले नाही, कारण तेव्हा मला ते पटले नव्हते. आज पटले आहे आणि सांगायला तू नाहीस.

मंडळाला माझा मसुदा आवडला. त्यांनी तो सर्व सदस्यांसाठी स्वीकारला. अध्यक्षांनी फोनवर माझे आभार मानले, "काका, तुमच्यासारखी माणसं हवीत." मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. पंधरा दिवसांनी तू छापील हमीपत्र आणलेस, घाईत, शाळेत निघताना, बूट घालता घालता. "पप्पा, इथे सही." मी साक्षीदार म्हणून सही केली.

मी वाचले नाही.

ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा एकही कागद न वाचता पुढे सरकवला नाही, ज्याला दूधवाल्याच्या बिलातली काना-मात्रा दिसते, त्याने स्वतःच्या मुलीचे हमीपत्र वाचले नाही. कारण ते माझेच होते. स्वतःचे अक्षर माणूस तपासत नाही.

मंडळाने पहिले वाक्य ठेवले होते आणि दुसरे काढून टाकले होते.

रविवारचा तुझा फोन. आवाज तुटत होता. तू म्हणालीस, "पप्पा, समोर दिसतोय. तुमच्या पुठ्ठ्यासारखाच आहे, पण साला काय दिसतोय!" मी शिवी देऊ नकोस म्हणालो नाही, ही माझ्याकडची त्या दिवसाची एकमेव चांगली गोष्ट. मग तू म्हणालीस, "मी बोलणारे नंदूदादांशी उतरण्याबद्दल. ऐकतात ते." आणि मी काय विचारावे? जपून जा म्हणावे, उशिरा निघू नका म्हणावे, निदान आईला फोन द्यावा. मी विचारले, "हमीपत्राची प्रत घेतलीस का?"

तू हसलीस. "घेतली, पप्पा. फोटो पाठवते, रेंज आहे तोवर."

तू पाठवलास. मी तो उघडून पाहिला नाही. प्रत मिळाली, एवढे समाधान पुरे झाले. तो फोटो मी उघडला तुझ्या जाण्यानंतर, अध्यक्षांचे उत्तर आल्यावर. त्या उत्तरात लिहिले होते: 'हमीपत्रातील कलम सातनुसार मार्गाचा निर्णय सदस्यांवर बंधनकारक होता व कै. सुजाता यांनी तो स्वेच्छेने मान्य केला होता. सबब मंडळावर जबाबदारी येत नाही.' माझीच भाषा. 'अंतिम व बंधनकारक' हा शब्दप्रयोग मी कित्येक निवाड्यांच्या नकला तपासताना वाचला होता, तिथूनच उचलला होता. तो माझ्याकडे परत आला, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह.

मी अध्यक्षांना फोन केला. ते सभ्यपणे बोलले. "काका, छपाईच्या वेळी समितीने थोडं संक्षिप्त केलं. कुणाचा वाईट हेतू नव्हता."

"कोणी काढले ते वाक्य?"

"समितीने."

"समितीला हात नसतात. कोणाच्या हाताने?"

"काका, तुम्ही दुःखात आहात."

"दुःखात आहे. बहिरा नाही. नाव सांगा."

नंतर करतो म्हणून त्यांनी फोन ठेवला. केला नाही. त्यानंतर मी पाच पत्रे पाठवली, पोचपावतीसह. पावत्या आल्या.

मी इथेच थांबलो असतो कदाचित. तुझी आई मला म्हणालीच होती, "तुमच्या पत्रांनी पोरगी परत येणार आहे का?" मी पेन ठेवले होते. पण गेल्या मंगळवारी तुझी सहशिक्षिका ऋतुजा घरी आली. तुझ्या वर्गातले तक्ते, तुझी डबी, तुझा लाल दोऱ्याचा रीळ घेऊन आली. चहा पिता पिता म्हणाली, "काका, मी पण जातेय. तुमच्या सुजूचं शिखर. तिच्यासाठी म्हणून मंडळ दुसरी तुकडी पाठवतंय, पुढच्या शनिवारी. अकरा जण आहोत."

मी विचारले, "किती वाजता निघणार वरच्या तळावरून?"

"सकाळीच ना. उजाडलं की."

"उतरणार कुठून?"

"ते तिकडे ठरवतात, काका. फॉर्मवर आहेच, नेत्याचा निर्णय अंतिम."

नंदू परब यांनी मंडळ सोडले आहे. नवा नेता ऋतुजाहून जेमतेम चार वर्षांनी मोठा आहे आणि त्याने तो डोंगर फक्त फोटोत पाहिला आहे. ऋतुजाने हमीपत्र पर्समधून काढून दाखवले. कलम सात तसेच आहे. एकच वाक्य, माझे. तुझी आई कप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. ऋतुजा गेल्यावर ती म्हणाली, "आता लिहा. दुसऱ्याची पोरगी थांबत असेल तर लिहा. रात्रभर लिहा."

म्हणून हे लिहितो आहे, सुजाता, आणि घाईने लिहितो आहे, कारण शनिवार जवळ आहे आणि मी पत्रांपेक्षा वेगाने काही पाठवू शकत नाही. तुला खूप काही सांगायचे राहिले. तू दिलेले ते दोन मिनिटांचे भूगोलाचे धडे माझ्या आयुष्यातले सर्वांत उपयोगी शिक्षण होते. माझ्या फाइली कापल्यास, बरे केलेस. त्यांतले एकही पत्र त्या डोंगराएवढे खरे नव्हते. त्या गुरुवारी शिखरावर तू दोनदा बोललीस. एकदा बोलणेही धैर्याचे असते, तू दोनदा बोललीस, आणि मग माझे वाक्य मान्य करून सगळ्यांच्या मागे राहिलीस. ते वाक्य तुझ्या पायात दोरासारखे अडकले, हे मला माहीत आहे. बाकीचे सात जण तुझ्या पुढे होते आणि घरी आले. त्यांच्या घरच्यांनी मला निरोप पाठवले. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही.

आता त्या अकरा जणांना सांगतो. कलम सात मी लिहिले. त्याचा लेखक म्हणून मी ते या क्षणी जाहीरपणे मागे घेतो. त्याला कायदेशीर अर्थ काय, हे मला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि मला त्याची पर्वा नाही. हरकत घ्या. शिखरावर उभे राहून, वारा असताना, सगळे हसत असताना, हरकत घ्या. दोनदा घ्या. ऐकले नाही तर नाळेत उतरू नका, कण्यावर बसून राहा.

आणि अध्यक्ष महोदय, तुम्हाला. शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता मंडळाच्या सभागृहात तुकडीला निरोप देण्याचा कार्यक्रम आहे. मी येईन. पुष्पगुच्छ आणणार नाही. माझ्या मुलीने पुठ्ठ्यातून कापलेले शिखर घेऊन येईन आणि तुमच्या टेबलावर ठेवीन. अकरा जणांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर, आधी दुसरे वाक्य कोणाच्या हाताने गेले त्याचे नाव सांगा. मग त्या शिखरावर स्वतःचे बोट ठेवा आणि दाखवा, तुमची माणसे कोणत्या बाजूने उतरणार, आणि त्या वेळी ऊन कुठे असेल.